उसनी जागा

टिप्पर पहिल्यांदा अंगावरून गेला तेव्हा मीनल खंदारे मेली नव्हती. पुढे कोर्टात या गोष्टीला फार महत्त्व आलं आणि ती सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला होता. तो म्हणजे रुईगव्हाणचा कोतवाल, भुजंग वाव्हळ.

मीनल सत्तावीस वर्षांची होती. सरकारने तिच्या पदाचं नाव बदलून कितीतरी वर्षं झाली होती, तरी गाव तिला तलाठीबाईच म्हणायचं. ती भुजंगला मामा म्हणायची. वाळूचोरी पकडायला गोदावरीच्या पात्रावर दिवसभर ड्रोन फिरत असत. पण वाळूवाल्यांनी त्यावर तोड काढली होती. तासाभरासाठी ड्रोनचे डोळे बंद करणारं कसलंसं यंत्र त्यांच्याकडे आलं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ही बाई स्वतःच स्कूटीवर निघाली, मागे भुजंगला बसवून.

पात्रात जुना डिझेलचा टिप्पर वाळूने भरून उभा होता. स्टिअरिंगवर शिवराज मोकाशे. वाळूच्या ठेकेदाराचा पुतण्या.

"बाई, बाजूला व्हा," तो खिडकीतून म्हणाला.

"किल्ली द्या."

"मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."

"मीसुद्धा," मीनल म्हणाली आणि टिप्परच्या समोर उभी राहून मोबाइलवर फोटो काढू लागली.

पुढचं चाक तिच्या कमरेवरून गेलं. भुजंग ओरडला, पण इंजिनच्या घरघरीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. टिप्पर पुढे जाऊन थांबला. मीनल ओल्या वाळूत कोपरांवर स्वतःला ओढत होती. पाय नुसते मागून फरफटत येत होते. शिवराजने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याची डावी भुवई मधोमध चिरलेली होती. त्याने मागे पाहिलं, ती हलतेय हे पाहिलं, गुटख्याची पिंक टाकली आणि गाडी रिव्हर्समध्ये घातली. या खेपेला चाक डोक्यावरून गेलं.

भुजंग पळाला नाही. का पळाला नाही, ते त्याला पुढेही कधी उमगलं नाही. दोन मजुरांनी त्याचे हात मागे धरले. शिवराज खाली उतरून अगदी जवळ आला.

"बघितलंस?"

"बघितलं," भुजंग म्हणाला.

लोखंडी टॉमीच्या एका फटक्यात त्याच्या गालाचं हाड फुटलं. तो पडल्यावर एकजण छातीवर बसला. टिप्परच्या बॅटरीची झाकणं उघडल्याचा आवाज भुजंगने ऐकला. मग दोन्ही डोळ्यांत आग ओतली गेली.

"आता सांग जाऊन, काय बघितलंस ते," शिवराज म्हणाला.

*

आठ महिने भुजंग अंधारात होता. पाचव्या महिन्यातच शिवराज जामिनावर सुटून गावात आला, चौकात फटाके वाजले. दोन्ही मजुरांनी जबाब फिरवले. त्या तासाचं ड्रोनचं चित्रीकरण नव्हतंच.

सरकारी वकील कुरुलकर एकदा घरी येऊन गेले. बाजेवर बसून त्यांनी स्पष्टच सांगितलं. "डोळ्यांनी पाहणारे तुम्ही एकटे. पण कोर्टात आरोपी समोर उभा केला आणि विचारलं, यातला कोण, तर बोट कुणाकडे दाखवणार?"

"आवाजावरून वळखतो की, साहेब."

"आवाजावर खुनाचा खटला उभा राहत नाही, भुजंगराव. समोरचा वकील पाच मिनिटांत उडवून लावेल."

त्यांनीच पुण्याच्या एका रुग्णालयाचा पत्ता दिला. तिथे आंधळ्यांना यंत्राने दृष्टी देण्याचे प्रयोग चालले होते. भुजंगची बायको चांगुणा त्याचा हात धरून त्याला तिथे घेऊन गेली. डॉक्टर फरीदा काझी नावाच्या बाईंनी तासभर वेळ दिला. चष्म्यात दोन बारीक कॅमेरे, कानामागच्या हाडात रुपयाएवढी चकती आणि तिथून मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसणं तयार होतं तिथवर, केसाहून बारीक तारा. डोळे जळाले तरी हरकत नव्हती. दिसतं ते मेंदूत.

"पण एक अडचण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती समजल्याशिवाय सही करू नका. तुमच्या ऑफिसात लॅपटॉप होता?"

"तलाठीबाईंचा होता."

"त्यावर मोठा नकाशा उघडला की बाकीचं सगळं अडकायचं?"

भुजंगला एकदम मीनल आठवली. नदीचा उपग्रहावरचा नकाशा उघडला की सातबाराचं पान गोठून जायचं, आणि ती टेबलावर बोटं आपटत म्हणायची, मामा, याच्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरीच नाही हो, सगळी मुख्य मेमरीतून उसनी घेतं.

"व्हय," तो म्हणाला. "उसनी घ्यायचा तो."

"हेही तसंच आहे." डॉक्टरांना आता समजावणं सोपं झालं. "समोरचं हलतं जग दाखवायचं तर यंत्राला आधीचं चित्र धरून ठेवावं लागतं, नवं त्याच्याशी ताडून पाहावं लागतं. त्याला जागा लागते. एवढी जागा चकतीतच दिली तर चकती तापते, आणि मेंदूला एक अंशही जास्त ताप सोसत नाही. म्हणून आम्ही जागा मेंदूकडूनच घेतो. आठवणी जिथे साठतात तिथून. काम झालं की परत देतो."

चांगुणा म्हणाली, "परत म्हंजे? जसंच्या तसं?"

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही. आठवण म्हणजे पेशींनी एकमेकींशी मारलेल्या गाठी असतात. यंत्र त्या सोडून स्वतःच्या गाठी मारतं. जागा परत मिळते. तिथे आधी काय होतं, ते मिळत नाही."

"मंग सगळंच जाईल की ह्यांचं."

"सगळं नाही. जी आठवण माणूस रोज काढतो, ती यंत्राला कामात असलेली दिसते. तिला ते हात लावत नाही. पडून असलेलं आधी जातं." त्यांनी तीन पायऱ्या समजावून सांगितल्या. पहिल्या पायरीवर नुसता उजेड आणि सावली. दुसऱ्या पायरीवर झाड, गाडी, माणूस. तिसरीवर चेहरे. चेहरे ओळखायला मेंदूला पाच-सहा महिने सवय करावी लागायची, आणि तेवढे दिवस तिसरी पायरी सोडून चालणार नव्हतं. "आणखी एक. जिवावर बेतलं की शरीर जास्त बघायला मागतं. तेव्हा यंत्र विचारत बसत नाही, हाताला लागेल ते घेतं. त्या क्षणी मनात जे घट्ट धरलेलं असेल तेवढंच वाचतं."

बाहेर बाकावर बसल्यावर चांगुणा म्हणाली, "नको हे. घरी जाऊ."

"तलाठीबाईंची माय दर आठवड्याला फोन करती," भुजंग म्हणाला. "केसचं एका शब्दानं इचारत न्हाई. जेवलात का, एवढंच इचारती. तिला काय सांगू?"

चांगुणा उठून आत गेली, कागद घेऊन आली. तिनेच त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवला.

*

पट्टी सुटल्यावर त्याने पहिल्यांदा चांगुणाला पाहिलं. ती करड्या रंगाची, कडांनी थरथरणारी दिसत होती, पण तीच होती. दोघंही त्या दिवशी खूप रडले.

मग भुजंगने नेम धरला. रोज सकाळी चहा झाला की तो अंगणात लिंबाखाली बसायचा, चष्मा काढून मांडीवर ठेवायचा आणि तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात चालवायचा. स्कूटी, टिप्पर, पहिलं चाक. वाळूत घासणारी मीनलची कोपरं, चिरलेली भुवई, पिंक. दुसरं चाक. टॉमी. काहीही वगळायचं नाही आणि घाईही करायची नाही. अर्धा तास जायचा. उठायचा तेव्हा त्याच्या मुठी वळलेल्या असायच्या आणि जबडा दुखत असायचा.

चेहरे हळूहळू स्पष्ट होऊ लागले, आणि एकेक गोष्ट घरातून निघून गेल्यासारखी नाहीशी होत गेली. आधी किरकोळ. बैलाचं नाव, सासुरवाडीचा रस्ता. मग आई कोणत्या साली वारली ते त्याला आठवेना. चौथ्या महिन्यात चांगुणाने लग्नातला एक प्रसंग काढून त्याची थट्टा केली, तर तो हसला. पाहुण्याच्या घरी न कळलेल्या विनोदाला हसावं, तसं.

एके दिवशी ती बाजाराला निघाली होती. भाजी कोणती आणू म्हणून विचारायला तिने मागून त्याच्या खांद्याला हात लावला. भुजंग त्या वेळी बॅटरीच्या झाकणांपाशी पोचला होता. तो गर्रकन वळला आणि त्याने सगळा जोर लावून तिला मारलं. ती धुण्याच्या दगडावर पडली. कपाळ फाटून रक्त डोळ्यांत उतरलं. त्यावरही त्याचा हात पुन्हा वर गेला होता. तिने "आवं, मी हाय, मी!" म्हणून किंकाळी फोडली तेव्हा कुठे तो खाली आला.

दवाखान्यात सहा टाके पडले. घरी आल्यावर भुजंग तिच्यासमोर खाली मान घालून बसला.

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा हात उचलला तुम्ही," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "पहिल्यांदा? आधी कधीच न्हाई?"

तो उपरोधाने बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपण चांगला नवरा होतो की मारकुटा, हे तो बायकोला विचारत होता.

"कधीच न्हाई," ती म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती महिनाभर टाळत होती. "कावेरी आठवती का?"

"आठवती की." त्याचा आवाज दुखावला होता. "लेक हाय माझी."

"सांगा मंग. काय आठवतं?"

कावेरी त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना डेंग्यूच्या तापात गेली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. भुजंग आठवून आठवून सांगू लागला. जांभळं खाऊन निळी झालेली जीभ बाहेर काढून दाखवायची. फुगा फुटेल म्हणून वाढदिवसाच्या घरात पाऊल टाकायची नाही. त्या वेळच्या म्हाताऱ्या तलाठ्याची नक्कल करत, कमरेवर हात ठेवून हाक मारायची, "ए भुजंग, इकडं ये! दप्तर उचल!" एवढं सांगून तो थांबला. आणखी काही सापडेना. नऊ वर्षांची पोर तीन गोष्टींवर आली होती.

"उद्यापासून टिप्पर झाला की कावेरी," चांगुणा म्हणाली. "त्या मेल्याला रोज आठवता, लेकीला बी रोज आठवायचं. मी समोर बसन."

त्या दिवसापासून तसं सुरू झालं. आधी अर्धा तास खून, मग ती समोर बसायची आणि तो जीभ, फुगा आणि हाक म्हणून दाखवायचा. चांगुणाने आपल्याकडच्या आठवणीही त्याला द्यायचा प्रयत्न केला, पण त्या त्याच्यात रुजेनात. ऐकलेली गोष्ट ऐकलेलीच राहायची. त्या तीन मात्र टिकल्या. साक्षीची तारीख लागेपर्यंत दोन्ही आठवणी शाबूत होत्या.

*

साक्षीच्या तीन दिवस आधी पोलिसांनी दोघांना जिल्ह्याच्या गावी हलवायचं ठरवलं. भर दुपारी हवालदार शेळके जीप घेऊन आले. रस्ता कालव्याच्या कडेने जात होता, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. वळणावर एक ट्रॅक्टर आडवा लावलेला दिसला. शेळक्यांनी ब्रेक दाबला आणि मागचा रस्ता बघायला मान वळवली, तोवर उसातून चारजण बाहेर आले होते. प्रत्येकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता.

शेळक्यांनी पिस्तुलाला हात घातला. पहिला कोयता त्याच हातावर पडला. हात मनगटापासून तुटून पायदानावर पडला, बोटं अजून आवळत होती. दुसऱ्याने काच फोडून चांगुणाला केसांना धरून बाहेर ओढलं.

भुजंगच्या कानामागे चकती चटकन गरम झाली, आणि जग लख्ख झालं.

त्याने जन्मात कधी इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं, चांगले डोळे होते तेव्हासुद्धा नाही. उसाच्या पानावरचं कुसळ न् कुसळ दिसत होतं. हवेत उडालेला काचेचा तुकडा न् तुकडा वेगळा. कोयता उचलणाऱ्याच्या दंडावरची शीर आधी फुगते आणि मग हात हलतो, हेही त्याला दिसलं. आणि त्याच वेळी डोक्यात मागे कुठेतरी झपाट्याने रिकामं होत चाललंय हे त्याला जाणवलं. काय जातंय ते कळत नव्हतं. फक्त जातंय हे कळत होतं.

मनात घट्ट धरलेलं असेल तेवढंच वाचतं.

त्याने कावेरीला धरलं. ए भुजंग, इकडं ये. कमरेवर हात, निळी जीभ. तिला धरून तो जीपमधून उतरला. आणि तिला धरलेलं असताना त्याच्या लक्षात आलं की वाळूतली कोपरं आता पुसट होतायत. चिरलेली भुवई उजवी की डावी, हे क्षणभर त्याला सांगता आलं नसतं. तीन दिवसांनी कोर्ट होतं. ती बाई दर आठवड्याला, जेवलात का म्हणून विचारणारी, पहिल्या बाकावर बसणार होती. तिची लेक वाळूत सरपटत होती, आणि ते बघितलेला दुसरा कुणीही नव्हता. कावेरीला आठवणारी चांगुणा तरी होती.

भुजंगने कावेरीला सोडलं. कळूनसवरून सोडलं. मग त्याने शिवराजचा चेहरा दोन्ही हातांनी पकडावा तसा मनात पकडला. डावी भुवई, पिंक, रिव्हर्सचा खडखडाट. त्याबरोबर सहा महिने रोज सकाळी साठवलेलं सगळं त्याच्या दंडांत उतरलं.

जॅकची दांडी पायाशी होती. चांगुणाला धरलेल्या माणसाच्या गुडघ्यावर त्याने ती घातली. गुडघा उलटा वळला. आणखी एकाचा कोयता येताना दिसत होता, त्याला पुरेसा वेळ होता. तो एक पाऊल सरकला, कोयता जीपच्या पत्र्यात रुतला, आणि दांडी त्या माणसाच्या जबड्यावर बसली. दात रस्त्यावर उडाले. एकेक दात वळताना त्याने पाहिला. उरलेले दोघं उसात पळाले.

गुडघा फुटलेला माणूस हात जोडत होता. भुजंगने त्याचे जोडलेले हात फोडले. मग खांदा, मग बरगड्या. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "बघितलं! बघितलं!" रक्ताचे शिंतोडे चष्म्यावर बसले ते त्याने बाहीने पुसले आणि पुन्हा दांडी उचलली.

"मरंल तो!" चांगुणा मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या डोक्याचे केस मुळासकट उपटून निघाले होते, मानेवरून रक्त वाहत होतं. "मरंल तो, बास करा! हाणायचं तर मला हाणा!"

दांडी हवेत थांबली. कितीतरी वेळ तशीच होती. मग त्याने ती कालव्यात फेकली.

चांगुणाने शेळक्यांच्या हाताला पदर आवळून बांधला, त्यांच्याच मोबाइलवरून ठाण्यात कळवलं. शेळके वाचले. भुजंगही सुखरूप होता. तीन दिवस चांगुणा त्याच्याजवळ होती, आणि तीन दिवस तिने त्याला कावेरीबद्दल विचारलं नाही. त्याने आपणहून नाव काढलं नाही तेव्हा तर विचारायचं धाडसच झालं नाही.

*

कोर्टात भुजंगने आरोपीच्या पिंजऱ्याजवळ जाऊन शिवराजकडे बोट दाखवलं. जराही अडखळला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. चाक दोनदा फिरलं, पहिल्यानंतर ती हलत होती, कोपरांवर सरकत होती. पहिल्या बाकावर मीनलच्या आईने पदर तोंडात कोंबला. न्यायाधीश लिहून घेत होते.

शिवराजचे वकील पाटोदेकर उठले. त्यांच्या हातात पुण्याच्या रुग्णालयाची फाईल होती.

"वाव्हळ, तुमचं यंत्र तुमच्या आठवणी खातं, बरोबर?"

"बरोबर."

"आईचं नाव?"

भुजंगने विचार केला. "आठवत न्हाई."

"लग्न कुठे झालं?"

"न्हाई आठवत."

"मुलं किती?"

"मूल न्हाई आम्हाला," भुजंग म्हणाला.

मागच्या बाकावर चांगुणाने डोळे मिटले. पाटोदेकरांनी फाईलमधून दोन कागद काढून टेबलावर ठेवले आणि आवाज चढवला. "हा जन्माचा दाखला. कावेरी भुजंग वाव्हळ. हा मृत्यूचा. नऊ वर्षं ही मुलगी तुमच्या घरात वाढली. ज्या माणसाला पोटची पोर आठवत नाही, त्याला एका मिनिटापुरता पाहिलेला चेहरा आठवतो, हे या कोर्टाने खरं मानायचं?"

कोर्टात कुजबुज झाली. शिवराज ओठ दाबून हसत होता. भुजंगने पहिला कागद उचलला, चष्म्याजवळ नेला. वाचता येत होतं. नाव वाचूनही आत काही हललं नाही.

"साहेब," तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "कालव्यावर कोयते आले तेव्हा मी काहीतरी हातानं सोडलं. सोडलं, एवढं आठवतं. काय सोडलं, ते आठवत नव्हतं. ते ह्या वकीलसाहेबांनी आत्ता सांगितलं." त्याने कागद खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला. "माझ्याकडं एकच ठेवायला जागा होती. माझ्या पोरीच्या जागेवर हा मानूस बसलाय. कुणी बाप उगीच बसवील का ह्याला?"

पाटोदेकरांनी आणखी दोन प्रश्न विचारले, पण कोणी नीट ऐकत नव्हतं.

डॉक्टर काझींची साक्ष झाली. रोज काढलेली आठवण का टिकते आणि बाकीच्या का जातात, ते त्यांनी समजावून सांगितलं. शवविच्छेदनाच्या अहवालात कोपरांची कातडी सोलवटल्याची नोंद होती, कमरेची जखम आधीची आणि डोक्याची नंतरची होती. हा तपशील खटला चालेपर्यंत बाहेर कुणालाही माहीत नव्हता. दीड महिन्याने शिवराज मोकाशेला जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी मीनलची आई गर्दीतून वाट काढत आली आणि भुजंगकडे न जाता चांगुणाच्या पायांवर कोसळली. चांगुणाने तिला उठवलं.

*

भुजंगने पुण्याला जाऊन यंत्र पहिल्या पायरीवर आणून घेतलं. आता त्याला उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. चांगुणा त्याला वेळेवर जेवायला वाढायची, औषध द्यायची, पण कामापलीकडे बोलायची नाही. पुष्कळदा ती स्वयंपाकघरात एकटीच काहीतरी पुटपुटत असायची. तो दाराशी आला की गप्प व्हायची. कावेरी आता तिच्या एकटीची राहिली होती, आणि वाटून घ्यायला तिचं मन होत नव्हतं.

दोन महिने असे गेले. एका सकाळी ती परातीत पीठ मळत बसली होती. भुजंग भिंत चाचपत आत आला आणि तिच्या सावलीसमोर उभा राहिला.

"ती माझी मुलगी," तो म्हणाला. "कागदावर होती ती. कशी गेली?"

चांगुणा उठली. पिठाचे हात तसेच घेऊन तिने त्याच्या छातीवर बुक्की मारली. मग दुसरी, मग तिसरी. खांद्यावर, तोंडावर, मिळेल तिथे ती मारत सुटली. अकरा वर्षं ज्या माणसाच्या गळ्यात पडून ती रडली होती, तो माणूसच तिला विचारत होता, ती कशी गेली म्हणून. भुजंगने हात वर केले नाहीत. त्याचा चष्मा उडून चुलीपाशी पडला, ओठ फुटला, तरी तो जागचा हलला नाही.

थकल्यावर ती मटकन खाली बसली. तोही चाचपत तिच्यासमोर बसला.

"सांग ना," तो म्हणाला. "कशी गेली?"

चांगुणाने पदराने त्याच्या ओठावरचं रक्त टिपलं.

"गेली कशी ते मागून," ती म्हणाली. "आधी आली कशी, ते ऐका."